उरलेले तीन डोस

ती. आईस,
दुरूनच पाया पडते.

मी बरी आहे. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, एवढंच. काळजी करू नकोस.

केमो द्यायचं माझं शिकणं आता दहा दिवसांचं राहिलं. मग इथल्या कॅन्सर हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर दर गुरुवारी स्क्रीनवरून आपल्या गावच्या दवाखान्यातले पेशंट बघतील आणि केमो तिथेच मिळेल. सुई लावायला मी असेन. म्हणजे तुझे उरलेले तीन डोस घराजवळच. "नऊ तासांची बस सोसवत नाही" म्हणून मागचा डोस चुकवलास ना? आता ते कारण संपलं बरं का!

दादा म्हणतो, तू हल्ली दोन घासही खात नाहीस. खरं का गं?

आज एका आजींची शीर काही केल्या सापडेना. दोनदा टोचलं. घाम फुटला मला. शेवटी आजीच मला धीर देत म्हणाल्या, "घाबरू नकोस पोरी. तुझ्या आईचा हात आहे असं समज."

तेच तर समजत होते, म्हणून तर सुई चुकत होती.

दहा दिवस कळ काढ.

तुझीच,
धाकटी