पेन्शन माझी, परदेश यांचा

१८ सप्टेंबर २०२३
यांनी आज जाहीर केलं — आपण कोस्टा रिकाला जायचं. कायमचं!
दूधवाल्याचं बिल सांगावं त्या सुरात. मी गवार निवडत होते. "कुठं?" म्हटलं. "मध्य अमेरिकेत. वर्षातले सात-आठ महिने पाऊस. पेन्शनवाल्यांना राहायचा परवाना देतात." उद्या गणपती बसायचे आणि घरात पिण्यापुरतंही पाणी नाही. टँकर आला नाही म्हणून डोकं फिरलंय. संध्याकाळपर्यंत उतरेल.

२० सप्टेंबर
उतरलं नाही.

२ ऑक्टोबर
रोज सकाळी यांचा पहिला फोन जायकवाडीला. हाताखालचा जुना कुणीतरी अजून धरणावर आहे. "आज किती?" मग तोंड पाडून बसायचं. सगळी नोकरी त्या धरणावर गेली, रिटायर होऊनही धरण सुटत नाही. यंदा ते अर्धंही भरलेलं नाही. गच्चीवर आणखी दोन टाक्या आल्या. आंघोळीला एकच बादली. तांदळाचं धुवण कुंड्यांना. हे नियम मी मोडत नाही. यांचा कुठला नियम मी मोडलाय?

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं. वर्षावन दरवर्षी शिकवलं — फळ्यावर रंगीत खडूंनी. पाहिलं कधीच नाही. लांबात लांब म्हणजे मुलांची सहल घेऊन आंबोली, आणि तिथंही घाटात मुलांच्या उलट्या निस्तरण्यात दिवस गेला.

१६ ऑक्टोबर
मुंबईच्या एजंटचा फोन. गंमतच झाली. त्या देशाची पेन्शनची जी अट आहे, तीत यांची पेन्शन बसत नाही. माझी बसते! म्हणजे मुख्य अर्जदार मी. आधी माझं कार्ड होणार, मग मी नवरा म्हणून यांचं नाव जोडायचं.
"घ्या! मी तुझ्यावर अवलंबून," म्हणत हे खूप हसले. मग म्हणाले, "तू फक्त सह्या कर."
केल्या.
पुण्याहून मनस्विनीचा फोन. "आई, बाबांचं ठीक आहे गं. पण तुला जायचंय का?"
मी म्हटलं, "बघू." लग्न झाल्यापासून माझं हेच उत्तर आहे. ती चिडली. तिला पोरीला शाळेत सोडायचं होतं, म्हणून सुटले.

९ डिसेंबर
पोलीस आयुक्तालयात. चांगल्या वर्तणुकीचा दाखला! बोटांचे ठसे उमटेनात. हवालदार म्हणाला, "मॅडम, भांडी घासून घासून गेलेत." हे शेजारी उभे राहून त्याला पर्जन्यमान समजावून सांगत होते.

२१ जानेवारी २०२४
यांनी अख्ख्या कॉलनीला सांगितलंय. घर कुणाला भाड्यानं द्यायचं तेही ठरलं म्हणे. मला ते कॉलनीतल्या वाण्याकडून कळलं.
शेजारची राहत आली. आमची भिंत एक, इतकी वर्षं शेजार. उर्दू शाळेत हेडमास्तरीण होती, अजून तोच आवाज. "कायकू जा रहे जी इत्ते दूर? कल को मेरे घर में कुछ हुआ, तो तुम आ सकते क्या?" मी चहा पुढं केला. "तुम कुछ बोले नहीं भाईसाब को?" "नाही." "तुम कब बोलते!" — आणि डोळे पुसत उठून गेली. चहा तसाच.

१४ एप्रिल
यांच्याबरोबर पैठणला. धरण बघायचं होतं. बिडकीनच्या पुढं ते नवे सिमेंटचे रस्ते — चार गाड्या शेजारून जातील एवढे रुंद. दिव्यांचे खांब आहेत, माणूस नाही. वर मोठा फलक: उद्याचं शहर. त्याच फलकाच्या सावलीत टँकरची रांग.
धरणाच्या कोरड्या तळाला भेगाच भेगा. लांबवर बुडालेल्या गावाच्या भिंती वर आल्यात. मेंढ्या चरत होत्या आत!
हे बांधावर बसले. मग बोलायला लागले. मागच्या एका दुष्काळात लोक ऑफिसात घुसले होते, काचा फोडल्या, ते मला माहीत होतं. पण एक म्हातारी आली होती म्हणे. ओरडली नाही, शिवी नाही. रिकामी घागर यांच्या टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिली. ऑफिस सुटेपर्यंत. "तिला द्यायला माझ्याकडं नुसता आकडा होता, भानू. मला आता आकडा नको. पाणी पाहिजे."
एवढ्या वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं.
येताना मी यांचा हात धरला. राग आला की माणूस निदान भांडतो. कीव आली की संपलं. आता मी नाही कशी म्हणणार?

९ मे
टँकर नाही. परवापासूनची भांडी पडून. भांडीवाली कडूबाई येते, बघते, जाते. "बाई, तुमच्या त्या देशात नळाला रोज पानी येतं व्हय?" म्हटलं, येत असेल. "मग जावा की! आमच्या करमाडला कुनी इचारलं असतं तर म्या पळत गेले असते."

१७ जून
दुपारी हे झोपले की फोनवर तिथल्या जंगलाचे व्हिडिओ बघते. झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळ, त्यात पुन्हा ऑर्किड. फळ्यावर काढायचे ते सगळे थर! मी उगीच पिवळा खडू वापरत होते. तिथं पिवळं काहीच नाही.

१८ जून
मला जायचंय.
लिहून टाकलं. आता खोडावंसं वाटतंय.

६ ऑगस्ट
मंजुरी आली! माझ्या नावानं. आता ठरलेल्या मुदतीत तिथं जाऊन ठसे द्यायचे, कार्ड घ्यायचं. हे इमरती घेऊन आले, कॉलनीत वाटली. लोकांनी यांचं अभिनंदन केलं.

११ सप्टेंबर
धरण भरलं! दारं उघडली. हे पहाटेच पैठणला पळाले, तुषारांनी भिजून परत आले. लहान मुलासारखे. सगळ्यांना फोन. मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू.
जेवताना म्हणाले, "बरं झालं. आता काय गरज तिकडं जायची?"
मी आमटीचं पातेलं खाली ठेवलं. "आणि मंजुरी?"
"राहू दे. विषय बंद. नव्या पाइपलाइनचा ठेकेदार मला सल्लागार म्हणून बोलावतोय. शहर केवढं वाढतंय, इथंच खरं काम आहे."
जायचं ठरलं तेव्हा मी गवार निवडत होते. रद्द झालं तेव्हा आमटी वाढत होते.

२२ सप्टेंबर
म्हटलं शेवटी. "अहो, मला जायचंय."
"कुठं?"
"कोस्टा रिकाला."
हे हसले. वाईट नाही हसले, नेहमीसारखे. "अगं, पुण्याला जायचं तर मी बसमध्ये बसवून देतो तुला. झोप झाली नाही का?"

४ ऑक्टोबर
कपाटात पासपोर्ट नाहीत. विचारलं. "लॉकरमध्ये ठेवले. सुरक्षित." लॉकरची किल्ली यांच्या जानव्याला.
मी दिवसभर घरात फिरत होते — हॉल, स्वयंपाकघर, गच्ची, पुन्हा हॉल. नळाला आज पाणी होतं. सगळं भरून ठेवलं आणि मग करायला काही उरलं नाही.

९ ऑक्टोबर
दसऱ्याला पाटल्या घालायच्या आहेत म्हणून किल्ली मागितली. दिली! मान वर न करता.
राहतला घेऊन बँकेत. तिथला माणूस: "सर नाही आले?" मी किल्ली पुढं केली. राहत कडाडली, "लॉकर इनके भी नाम पे है ना? तो खोलो!"
हातात पाटल्या घालून, पर्समध्ये माझा पासपोर्ट घेऊन रिक्षात बसले. राहतनं कारण विचारलंच नाही. माझा गुडघा दाबून धरला फक्त. घराजवळ आल्यावर म्हणाली, "अब बोलना. चोरी से नको जाना."

१३ ऑक्टोबर
बोलले. मी तिकीट काढलंय, यांना तारीख सांगितली.
यांनी पेपर घडी करून ठेवला. मग, "मी जेवणार काय?"
"कडूबाई दोन्ही वेळा येईल."
"आणि मी नाही म्हटलं तर?"
"अर्ज माझ्या नावाचा आहे." माझाच आवाज मला ओळखू येईना.
हे गच्चीवर गेले. टाक्यांची झाकणं उघडल्याचा, लावल्याचा आवाज येत होता. दिवेलागणीला खाली आले, हात धुतले, पानावर बसले. "बरं. गेलीस की पहिलं माझं नाव जोडून टाक. पडेल कधीतरी उपयोगी."
मी पोळी वाढली.

५ नोव्हेंबर
उद्या निघायचं. चिकलठाण्याहून विमानानं मुंबई, मग पुढं. हे बॅगेला दोरी बांधतायत. कुलूप आहे म्हटलं तरी बांधतायत.

२१ नोव्हेंबर, सान होसे
कार्ड मिळालं. फोटोत डोळे अर्धे मिटलेत.
वकिलाच्या ऑफिसातल्या मुलीनं विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नावही आजच जोडून टाकू का?
"नको," म्हटलं. "त्यांनी अजून मला विचारलेलं नाही."