आधी गाणं खाली, मग मी

११ जानेवारी, देवास
फजिती! भर कार्यक्रमात मागून लोक ओरडले — "आवाज! आवाज!" मी माइक ओठांना लावून निवेदन करत होते, तरी मागे नुसता ढोल ऐकू जात होता. गेल्या फेब्रुवारीत थायरॉइडचं ऑपरेशन झालं, त्यानंतर आज पहिल्यांदाच मंचावर उभी राहिले. आवाजाची चिंधी झालीय, ठाऊक होतं. पण तीनशे लोकांसमोर? तीस वर्षं गणित शिकवलं, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा!
डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर वाट पाहा, परत येईल कदाचित. पाहतेच आहे.

१२ जानेवारी
श्रिया आली. आमच्या कार्यक्रमातली नृत्यं तिनेच बसवलीयत. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच — "नलूमावशी, धारच्या शोला अनाउन्समेंट रेकॉर्ड करून घेऊ या का? मतलब... किसी और की आवाज में."
"बघू," म्हणाले. ती गेल्यावर कणीक मळताना रडले. ह्यांनी पाहिलं. म्हणाले, "साउंडवाल्याशी एकदा बोलून तर बघ."

१९ जानेवारी
जुना साउंडवाला मिळाला नाही. धारसाठी नवा ठरवलाय — विक्रमसिंह, धामनोदचा. भरघोस मिशा, बोलणं मात्र अगदी हळू. तालमीला आला. मी आधीच माफी मागून टाकली. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "दीदी, आपकी आवाज कम नी है. गाना जादा है."
मी बोलायला लागल्यावर गाणं कमी केलं तर पहिले दोन शब्द बुडतात म्हणे. "मैं पेले गाना नीचे लूँगा. फिर आप बोलना. बोल चुको, तो धीरे-धीरे ऊपर."
सात वेळा करून पाहिलं. न कंटाळता! पाचव्यांदा श्रिया शेवटच्या रांगेतून ओरडली — "मावशी, सब सुनाई दे रहा है!"
सगळे मला 'जोरात बोल' म्हणत होते. दुसरं काही हळू करता येईल, हे कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही.

२० जानेवारी
आज मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी टीव्ही बारीक केला. न सांगता!

२ फेब्रुवारी
काल धारला. 
तिसरं नृत्य ऐन रंगात, आणि उजव्या विंगेतल्या पडद्यातून धूर! दिव्याला टेकला होता. सभागृह भरलेलं, पुढे सगळी लहान मुलं. मी डावीकडे माइक घेऊन उभी. विक्रमसिंहकडे पाहिलं — त्यालाही दिसला होता. वाटलं, आता हा गाणं खटकन बंद करणार आणि लोक पळत सुटणार. नाही केलं! सावकाश खाली आणलं, ढोल जणू लांब कुठल्या गावात वाजतोय. मग मान हलवून मला खूण केली.
"मंडळी, जरा अडचण आली आहे. मुलांचे हात धरा आणि मागच्या दारांनी सावकाश बाहेर चला. घाई नको." तेच पुन्हा हिंदीत. ह्याच चिंधीने! आणि लोक उठले, मुलांचे हात धरून चालू लागले. शेवटच्या रांगेतलं म्हातारं जोडपंसुद्धा. नाचणाऱ्या मुलींना श्रियाने मागून बाहेर नेलं. आयोजकांतल्या अजेय आणि अंबरीशने पडदा ओढून पाडला, वर वाळूच्या बादल्या ओतल्या. कुणाला खरचटलंही नाही.
विक्रमसिंहला हात जोडले. वायरी गुंडाळत म्हणतो, "अरे दीदी, मैंने तो बस गाना नीचे लिया."
येताना गाडीत श्रिया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. देवासपर्यंत मी हलले नाही.

१० फेब्रुवारी
इंदूरला डॉक्टरांकडे. नळीने घसा पाहिला. डावा स्वरतंतू हलत नाही, आता हलणारही नाही. आवाज हाच राहणार. ह्यांचा चेहरा उतरला. मी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला — "विक्रमसिंह भिया, पंद्रह को अमझेरा में शो है. आओगे ना?"