स्विलेना-९६चं मागचं वर्ष

१२ मे

बाबांनी मार्चमध्ये रिटर्नवर सही केली. बाबा फेब्रुवारीत वारले.

कर कार्यालयाचं पत्र आज आलं. सही करणाऱ्या व्यक्तीला त्या तारखेस कंपनीतर्फे सही करण्याचा अधिकार नव्हता, तरी खुलासा करावा. मजकूर नेमका आहे. 'मृत' हा शब्द कुठेही नाही.

पत्र घेऊन दोच्कामावशींकडे गेले. मी शाळेत होते तेव्हापासून बाबांचे हिशेब त्याच लिहितात. त्यांच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात सगळ्या गिऱ्हाइकांची डिजिटल सहीची कार्डं — बेकरीवाला, दोन दंतवैद्य, टायरवाला. प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव आणि पिन. खरं तर कार्ड ज्याचं त्याने जवळ ठेवायचं असतं. असं जवळ ठेवणारा माणूस मी आमच्या रूसे शहरात अजून पाहिलेला नाही.

मावशींनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाल्या, दरवर्षी मार्चमध्ये तुझ्या बाबांचं, स्तामेनचं भरायचं, हात आपोआप गेला. "त्याच्या दिवसांना वाटतात तो गहू मी शिजवला गं. साखर मी पेरली. आणि तरी."

मी म्हटलं, चूक दुरुस्त करता येते. 

१४ मे

काय काय आहे ते एकदा लिहून ठेवते.

फर्मचं नाव 'स्विलेना-९६'. तेव्हा सगळेच मुलांची नावं देत, मागे जन्मसाल लावून. आमच्याच गल्लीत 'मिरा-९५' नावाचं सलून होतं. फर्मचं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं आणि सरकारी तपासणीआधी ते बरोबर लावून देण्याचं. मंडईतल्या भाजीवाल्यांपासून धान्यकोठारांच्या भुईकाट्यांपर्यंत, ज्यांच्यावर ट्रक उभे राहतात. माणसं दोन: बाबा आणि झाप्रियानकाका. आता काका एकटेच.

मी एकुलती एक. आई फार पूर्वीच स्पेनला गेली, तिने फुलं पाठवली होती. म्हणजे मालक मी.

जूनअखेर रिटर्न नव्याने, माझ्या सहीने भरायचं. मग फर्म बंद. राजधानीतल्या, सोफियातल्या प्रयोगशाळेतली माझी रजाही जूनअखेरच संपते. क्रम स्पष्ट आहे.

काकांना सांगितलं. ते पान्हा पुसत होते. पुसून झाला होता, तरी पुसत राहिले. "ऐन कापणीच्या तोंडावर बंद करतेस होय," म्हणाले. "भारी वेळ शोधलीस, पोरी."

१९ मे

कर कार्यालय. खिडकीमागचा मुलगा माझ्याच वयाचा. म्हणाला, ज्यांनी सही केली त्यांना स्वतः यायला सांगा.

मी सांगितलं, ते येऊ शकत नाहीत.

म्हणाला, मग अधिकारपत्र पाठवू द्या.

मी पिशवीतून बाबांच्या फोटोची मृत्यूची जाहिरात काढली. चाळिसाव्या दिवशी काकांनी वर्कशॉपच्या दारावर चिकटवलेली. ऊन लागून बाबांचा चेहरा निळसर झालाय. मृत्यूचा दाखला घरी राहिला होता. मी. दाखला विसरले! माझ्याकडून असं होत नाही.

त्याने कागद हातात घेतला, उलटून मागची बाजू बघितली. "यावर शिक्का नाहीये," म्हणाला. मग एकदम कानापर्यंत लाल झाला. मला त्याचा राग आला नाही. शिक्का खरंच नव्हता.

२० मे

दाखला दिला. खुलाशात काय लिहू, मावशींना विचारलं. म्हणाल्या, माझं नाव लिही, सरळ लिही. लिहिलं — कार्ड हिशेबनिसांकडे होतं, चूक सवयीने झाली. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि एक स्वल्पविराम घालायला लावला.

२८ मे

नोंदणी झाली. मी आता एकमेव मालक आणि व्यवस्थापक. नवं कार्ड मिळालं. मावशींनी डबा उघडून पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या, माझ्याजवळ ठेवते. त्यांना थोडं लागलं असावं.

३ जून

रिटर्नच्या आधी आणखी एक कागद लागतो. मालकांची सभा भरवून मागच्या वर्षाचे हिशेब मंजूर करायचे. मालक एकच असेल तर सभाही एकट्याचीच. बाबा ही सभा दरवर्षी स्वयंपाकघरात भरवायचे. स्वतःलाच विचारायचे, "कुणाची हरकत?" मग थांबायचे. मग मांजराकडे बघायचे. मी लहान होते तेव्हा हसायचे.

मावशींनी नमुना दिला. मालक ठरवतो की: एक, हिशेब मंजूर. दोन, नफा फर्ममध्येच ठेवावा. तीन, 'व्यवस्थापक स्तामेन यांना मागील वर्षातील कारभाराच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.'

विचारलं, हे तिसरं कशाला? मावशी म्हणाल्या, रीत आहे. त्या वर्षात त्याने काही चुकवलं असेल तर तू त्याच्यावर दावा लावणार नाहीस, एवढाच अर्थ. आजवर स्तामेनच स्तामेनला मुक्त करत आला.

मागील वर्ष. ठीक आहे. सही सावकाश करीन.

८ जून

काकांबरोबर कोठारावर गेले. जव आठवड्याभरात कापायला येईल, त्याआधी भुईकाटा लावून द्यायचा होता. काकांच्या मते हे शेवटचं काम, म्हणून मी 'नाही' म्हटलं नाही.

प्रमाण वजनं चढवली, उतरवली. चारी कोपरे तपासले. एका कोपऱ्यात फरक होता, तो काढला. काम चांगलं झालं. माझे हात हे काम विसरलेले नाहीत.

नंतर काकांनी डब्यातून पाव आणि चीज काढलं, छोट्या बाटलीतून राकिया, फळांची दारू, ओतली. पहिला घोट बाबांसाठी जमिनीवर सांडायला निघाले. मी म्हटलं, तिथे नको, खाली सेन्सर आहे. काका म्हणाले, "बापाचीच गं तू," आणि दोन पावलं बाजूला जाऊन गवतावर सांडला.

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

बाबांची एक सवय होती. सगळं झाल्यावर स्वतः काट्यावर जाऊन उभे राहायचे, टोपी घालून. काटा वीस-वीस किलोंच्या टप्प्याने दाखवतो. बाबा नेहमी ऐंशी. वर्षानुवर्षं ऐंशी. गेल्या जूनमध्ये याच काट्यावर उभे राहिले — साठ. बाबा म्हणाले, काटा चुकतोय. पुन्हा सगळी वजनं चढवायला लावली. काकांनी उन्हात पुन्हा चढवली. काटा बरोबर होता. बाबा परत उभे राहिले. साठ.

"मग म्हणाला, पोरीला कळवू नकोस. काम सोडून येईल." काका पावाचे तुकडे करत होते. "मी म्हटलं, येऊ दे की. तर म्हणाला, तू काटे बघ."

जून. म्हणजे आठ महिने. दर रविवारी आम्ही फोनवर बोललो. नव्या सेन्सरच्या किमतीवर बोललो. खोकला आहे, म्हणायचे.

९ जून

आज काही केलं नाही. जेवले. भांडी घासली.

११ जून

मावशींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

माहीत होतं. ऑगस्टपासून. बाबांनी त्यांनाही गप्प बसवलं होतं. मावशी रडायला लागल्या. मी त्यांना रुमाल दिला. मला काहीच वाटत नव्हतं — रुमाल द्यावा, एवढंच कळत होतं.

१७ जून

आज निर्णयाचा कागद टाइप केला. पहिला मुद्दा ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा काढून टाकला.

मावशी म्हणाल्या, वाक्य परत घाल. मी म्हटलं, मागच्या वर्षातल्या कारभारातून मुक्त — मी नाही लिहिणार. मागच्या वर्षी त्यांनी काय कारभार केला ते मला आता माहीत आहे.

"तो कारभार वेगळा, स्विलेना. हा फर्मचा आहे."

मी म्हटलं, फर्मला माझंच नाव आहे.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हिशेबनिसाच्या आवाजात म्हणाल्या, चालू फर्मला हे वाक्य नसलं तरी कुणी विचारत नाही. पण तुला बंद करायची आहे. बंद करायला निघालीस की प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच — जुन्या व्यवस्थापकाला मोकळं का केलं नाही, काय घोळ आहे? बंद करायची तर मोकळं करावंच लागेल.

तर प्रश्न असा उभा राहतो. त्यांना मोकळं करते आणि जाते. नाहीतर—

नाहीतर काय, ते मावशींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२१ जून

सोफियाहून फोन. एक तारखेला येतेस ना? मी म्हटलं, कागद पूर्ण झाले की. ते म्हणाले, एका सहीचं तर काम आहे. हो, म्हटलं.

काकांकडे रोज कोठारवाल्यांचे फोन येतायत. जव सुरू झालाय, गहू मागोमाग. सगळे विचारतात, यंदा स्तामेनकडचं कोण येणार? काका फोन माझ्यापुढे धरतात आणि स्वतः खिडकीबाहेर बघतात. नाटकी म्हातारा.

२४ जून

नमुन्यातलं वाक्य दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. व्याकरणात काही अडचण नाही.

बाबांचा राग येतो असं लिहावंसं वाटतं, पण तेही नक्की नाही. रागाला काहीतरी वजन असावं लागतं. इथे मोजायला घेतलं तर शून्य दाखवतंय. यंत्र बिघडलं असेल तरी शून्यच दाखवतं, हेही मला माहीत आहे.

२७ जून

पुन्हा काकांबरोबर. दुसरं कोठार, मोठा काटा. रांगेत ट्रॅक्टर थांबलेले. कोठाराचा मालक घाम पुसत आला, मला बघून टोपी काढली. म्हणाला, स्तामेनने लावलेला काटा मी कधी परत तपासून बघितला नाही, तुझा मात्र बघणार. काका म्हणाले, "बघ ना. तुझ्या आईचंही वजन करून देईल ती." सगळे हसले.

काम झालं. वजनं उतरवली. काका डोळ्याने खुणावत होते. मला कळत होतं काय ते. मी नाही म्हटलं. मग गेले.

काट्याच्या मधोमध उभी राहिले. एवढ्या मोठ्या पत्र्यावर एक माणूस म्हणजे काहीच नाही. चारशे किलोंच्या खाली भुईकाट्याचं वाचन धरायचं नसतं, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. तेव्हा मी सातवीत होते. आणि तरी दरवर्षी स्वतः उभे राहायचे.

वर बघितलं. साठ.

मी नेहमीच साठाच्या आसपास असते. त्यात विशेष काही नाही. पण मी तिथे बराच वेळ उभी राहिले असणार, कारण मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला — ताई, विकायचंय का तुम्हाला?

खाली उतरले. बाबा त्या दिवशी असेच उभे होते आणि म्हणाले होते, काटा चुकतोय. जन्मभर काटे बरोबर लावणारा माणूस. किती घाबरला असेल!

काकांनी गाडीत टरबूज फोडलं. सगळ्या सीटवर पाणी.

२९ जून

मावशींचा फोन. उद्या शेवटची तारीख, वाक्य घातलंस का? म्हटलं, उद्या.

३० जून

दुपारी रिटर्न भरलं. माझ्या कार्डाने, माझ्या सहीने. सोफियाला राजीनामा पाठवला. उद्या सकाळी काका गाडी घेऊन येतायत, तीन कोठारं राहिलीत.

सभा स्वयंपाकघरात भरवली. कुणाची हरकत, विचारलं आणि थांबले. हिशेब मंजूर. बाबांना मोकळं केलेलं नाही. पुढच्या जूनमध्ये बघीन.