घरच्यांची भाकरी

१४ मार्च
पोहोचलो एकदाचे! पहाटे गारखेड्यातून निघालो, बिडकीनला चहा-भजी हाणली, पुढं उन्हानं टाळकं तापवलं, तरी दुपारच्या आत आमच्या सायकली नाथसागराच्या काठावर टेकल्या. नंदे, हा आपल्या मराठवाड्याचा समुद्र, असं मोनिका मला म्हणते. ऑफिसात ती माझ्या शेजारी बसते आणि या सायकलवेडात मला तिनंच ओढलं. ती मुरलेली, माझी मात्र ही पहिलीच सफर. पाण्याच्या कडेकडेनं, तंबू ठोकत, जमेल तेवढं फिरायचं असा बेत आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर धरणाचं पाणी ओसरलं की बुडालेल्या गावाच्या खुणा उघड्या पडतात. त्यातल्याच एका घराच्या दगडी जोत्यावर आम्ही तंबू ठोकला. सपाट, कोरडी जागा, वर कोपऱ्यात चुलीचे दगडसुद्धा तयार! मोनिकानं काटक्या गोळा करून चूल पेटवली आणि झकास खिचडी केली.

१५ मार्च
जवळच मेंढ्यांचा कळप उतरलाय. त्यांच्या मालकीण बानाबाई सकाळी आल्या आणि पेटलेली चूल बघून चरकल्या. बुडालेल्या घरात चूल पेटवली की पहिली भाकरी घरच्यांना, म्हणजे तिथं नांदून मेलेल्यांना, ठेवायची, अशी इथली रीत. लई वर्षांचे उपाशी हायत ते, म्हणाल्या. आन् चूल पेटवणारी पोरगी त्यांच्या लेखी घरची सून, तिच्या हातून चुकलं तर सोडायचे नाय. म्हणजे आमची मोनिका सूनबाई! आम्ही हसू दाबलं. बाई मात्र मायाळू. आपल्या हातची बाजरीची भाकरी दिली, वर लसणाची चटणी. पाण्याच्या कडेला ठेवा आन् माघारी न बघता या, एवढंच सांगितलं. मोनिका दुर्बीण घेऊन पक्षी बघायला गेली आणि ते काम माझ्यावर सोपवलं.

भाकरी मी खाल्ली. लिहितानाही कान तापतायत. पोटात कावळे ओरडत होते, भाकरी गरम होती, कोणी बघत नव्हतं. बांधाआड बसून संपवली आणि बोटंही चाटली. मोनिकाला सांगितलं, ठेवली. बानाबाईंनाही तेच. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१६ मार्च
उठले तर तोंडात चिखल. बारीक काळा गाळ, दातांत करकरणारा. झोपेत वाऱ्यानं आला असेल म्हणून चूळ भरली.

मेंढ्या पुढच्या गावाला निघाल्या. जाताना बानाबाईंनी पुन्हा विचारलं, ठेवली ना माय? मी मान हलवली. तेव्हाच खरं बोलले असते तर त्यांनी दुसरी भाकरी दिली असती, रागावल्याही नसत्या. पण लाज वाटली. चांगली पगारदार बाई मी, आणि उपाशांच्या तोंडचा घास पळवला.

मोनिका आज सायकलीवर बसायला तयार नाही. घर आवरायचंय म्हणते. कुठलं घर, असं विचारलं तर जोत्याकडं बोट दाखवते.

१७ मार्च
मोनिकानं गाळानं जोतं सारवलं. काल दुपारपासून ती जेवलेली नाही. घरचे जेवल्याबिगर कसं जेवू, म्हणते. आवाज तिचाच, बोली तिची नाही. चिखलाच्या भाकरी थापते आणि ओळीनं मांडते. लख्ख उन्हात त्या भाकरींच्या कडा कुरतडल्यासारख्या कमी होताना मी पाहिल्या. पाण्यातून जोत्यापर्यंत ओली पावलं उमटलीत. परत गेलेलं एकही नाही.

पहिली भाकरी ठेवली होतीस ना, तिनं विचारलं. घरचे म्हणतात, सुनेनं आम्हाला फसवलं.

ठेवली होती, मी म्हणाले. पुन्हा तेच. आणि पुन्हा तोंडात चिखल.

१८ मार्च
सायकल काढून एकटीच डांबरी रस्त्यापर्यंत गेले. हो, तिला सोडून. पैठणची एसटी आली, पण हात केला नाही. सोबतीण कुठंय विचारलं तर काय सांगणार होते? स्वतःची शिसारी आली. परतले.

मोनिका चुलीपाशीच. गाल आत गेलेत, कपडे कंबरेपर्यंत ओले. पाणी जोत्याला लागलंय. उन्हाळ्यात पाणी उतरतं, मग हे वर कसं—

१९ मार्च
ओढलं तिला. हलत नाही. पाय गुडघ्यापर्यंत रुतलेत, आणि जोतं तर दगडी—

घरच्यांचं ठरलंय म्हणते. वाढलं नाही, म्हणून सूनच—

सांगते. आता सांगतेच. तोंड उघडलं तर चिखल. थुंकते, आणखी येतो. शब्द निघत नाही. म्हणून इथं लिहिते, हे पान तिच्यासमोर धरेन.

ते बसलेत. ओळीनं. पाठमोरे. मोनिका वाढतेय. पंगतीतलं शेवटचं पान रिकामं आहे. भाकरी संपली. नुसता हात— हातच पुढं करतेय, त्यांच्या तोंडाशी—

थांबा. मोने, इकडं बघ. हे वाच. तू नाही. त्यांना सांग, तू नाही. ती भाकरी मी—