डावा स्पीकर

३ फेब्रुवारी, सोमवार
डावा स्पीकर गेला. म्हणजे वाजतो, पण उपाशी माणसासारखा. बायकोला विचारलं, मुलीला विचारलं. दोघी म्हणाल्या, दोन्ही सारखेच वाजतात. या घरात कान फक्त मला आहेत.

रविवारी हिच्या गाण्याच्या क्लासच्या बाई आणि ग्रुपमधल्या बायका आपल्याकडे येणार. क्लासमध्ये डावा-उजवा असे दोन माइक लावून केलेलं रेकॉर्डिंग मोठ्या सिस्टिमवर ऐकून बाई ठरवणार, कार्यक्रमात मधलं कडवं एकटीनं कोणी गायचं. ही कित्येक वर्षं कोरसमध्येच आहे. मी म्हणालो, साउंडचं माझ्यावर सोड. ती उठून स्वयंपाकघरात गेली. फार भरवसा आहे तिचा.

संकल्प: रविवारपर्यंत ऑडिओ हा विषय संपवणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मॅन्युअल वाचलं. लिहिणारा अडाणी. बेस म्हणजे धमधम, ट्रेबल म्हणजे चिरचिर. धमधमीला मोठा वूफर, चिरचिरीला छोटा ट्वीटर. एवढ्यावर लोक इंजिनियर म्हणवतात! आवाज जास्त वाढवला की क्लिपिंग होतं आणि तो फाटतो म्हणे. आपल्याकडे एकही क्लिप लावलेली नाही. तो मुद्दा निकालात.

संध्याकाळी वायरींची अदलाबदल केली. उजव्याची डाव्याला, डाव्याची उजव्याला. तरी मंद डावाच. म्हणजे वायर निर्दोष, स्पीकर गुन्हेगार. शास्त्रशुद्ध पद्धत म्हणतात ती हीच.

५ फेब्रुवारी, बुधवार
स्पीकरच उचलून इकडचे तिकडे ठेवले. कंबर धरली. आता डावीकडे आलेला चांगला स्पीकरही मंद! एकाचा रोग दुसऱ्याला लागला. मुलगी म्हणाली, बाबा, मग स्पीकरचा प्रॉब्लेमच नसेल. हल्ली कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
हिचा भाऊ आला होता. स्वतःला संगीतातला दर्दी समजतो. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "भाऊजी, दोन्ही एकदम क्लिअर." दिवसभर इयरफोन खुपसून बसणारा माणूस! त्याचे कान म्हणजे शोभेची वस्तू.

चहाचा कप घ्यायला मी स्पीकरकडे पाठ केली आणि काय! खिडकीजवळचा डावा स्पीकर ठणठणीत, दाराजवळचा उजवा मंद. त्याला म्हणालो, बघ, बिघाड जागा बदलतोय. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही फिरलात." मी कशाला फिरू? फिरलाय तो अँप्लिफायर. चॅनल मनाला येईल तेव्हा बाजू बदलतात, हे माझं निदान. ते ऐकून तो चहा अर्धा टाकून निघाला. अज्ञान उघडं पडलं की माणसं अशीच घाईला येतात.

८ फेब्रुवारी, शनिवार
जिंकलो. अँप्लिफायरवर बॅलन्स नावाचं बटण आहे; ज्या बाजूला फिरवावं तिकडचा आवाज वाढतो. ते डावीकडे नेत नेत पार टोकाला नेलं, तेव्हा कुठे दोन्ही बाजू मला सारख्या लागल्या. वर चिकटपट्टी मारली, म्हणजे कुणी अर्धवट हात लावायला नको.

ही म्हणाली, एकदा रेकॉर्डिंग लावून बघू या का? मोबाइलवर तर छान ऐकू येतंय. मी म्हणालो, मोबाइल म्हणजे डबा. मोठ्या सिस्टिमला तालमी लागत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
सगळ्या वेळेवर आल्या. मी आधी बेस आणि ट्रेबल समजावून सांगितले. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. बायकांना तांत्रिक विषय झेपत नाहीत.

मग गाणं लावलं. ग्रुपमध्ये बँकेतल्या एक कॅशियरबाई आहेत, त्या डाव्या माइकजवळ होत्या; त्या खणखणीत. ही उजव्या माइकजवळ उभी होती म्हणे, पण ही कुठेच नाही. बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. त्यांनी हिला हळूच विचारलं, "त्या दिवशी तुमचा घसा बसला होता का हो?" ही म्हणाली, नाही, गायले होते मी. आणि माझ्याकडे बघितलं.

अशा वेळी जाणकारानं गप्प बसू नये. मी सांगितलं की सिस्टिममध्ये काहीही दोष नाही. माइकसमोर आवाज टाकायचं एक तंत्र असतं, ते सगळ्यांना जमतंच असं नाही.

कडवं कॅशियरबाईंना मिळालं. हिनं टाळ्या वाजवल्या. मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. पाण्याची नासाडी.

१० फेब्रुवारी, सोमवार
ही बोलत नाही. मुलगी नको इतकं बोलते. तिनं चिकटपट्टी ओरबाडून काढली, बटण मध्ये आणलं आणि रेकॉर्डिंग लावलं. उजवीकडून हिचा आवाज स्वच्छ आला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आईलाच बंद करून टाकलं होतं."

मग मला म्हणाली, उजव्या कानात बोट घाला. घातलं. तिचे नुसते ओठ हलताना दिसले. काय म्हणत होती कळलं नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
कानाच्या डॉक्टरकडे. त्यानं पिचकारीनं पाणी मारलं. डाव्या कानातून जे निघालं त्याचं वर्णन इथे नको. डॉक्टरनं ते ट्रेमध्ये घेऊन कौतुकानं मुलीला दाखवलं. पोरकट माणूस.

संध्याकाळी बाईंना फोन केला. तांत्रिक बिघाड होता, पुन्हा एकदा ऐकावं, असं म्हणालो. कसला बिघाड ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, कॅशियरबाईंची तालीम सुरूसुद्धा झाली, आता बदललं तर त्यांना किती वाईट वाटेल. मी बरं म्हणालो.

घरात कुणी नव्हतं. रेकॉर्डिंग लावून खुर्चीत बसलो. दोन्ही स्पीकर वाजत होते. ही वरच्या सुरावर जाते तिथे किंचित थांबते, मग अलगद चढते. कॅशियरबाई तिथे नुसत्या ओरडतात. दोनदा ऐकलं, मग अजून एकदा. एवढी वर्षं ही स्वयंपाकघरात गाते आणि मी दार लोटून घेतो.

ही पिशवी घेऊन आत आली तेव्हा गाणं चालूच होतं. मी म्हणालो, चांगली गातेस तू. खरंच.

तिनं पिशवी ठेवली, सिस्टिम बंद केली आणि म्हणाली, "हे रविवारी बोलायचं होतं."