नववी ब आणि तीन किलोचा लंबक

४ ऑगस्ट
फिजिक्सच्या सरांचा पाय मोडला. ओल्या फरशीवरून घसरले. घर्षण शिकवणारा माणूस. असो. नववी बचे त्यांचे तास मला मिळाले. मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी मैदानावर नवी इमारत होणार. म्हणजे मैदान नाही, म्हणजे पी.टी.चा मास्तरही नाही. पण हा वर्ग नीट सांभाळला आणि चाचणीचा निकाल बरा लागला, तर माझ्यासाठी काहीतरी बघता येईल. मी म्हणालो, बाई, निर्धास्त राहा. बल, गती, ऊर्जा. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं?

५ ऑगस्ट, पहाटे ५.४०
संकल्प: रोज पहाटे एक धडा. आज उठलो हेच खूप झालं. धडा उद्यापासून.

६ ऑगस्ट
पहिला तास. फर्स्ट क्लास. शिट्टी वाजवली, वर्ग गप्प. शेजारचा वर्गही गप्प झाला. शेवटच्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं की अर्धा तास भिंत ढकलली आणि ती हललीच नाही, तर कार्य किती झालं? मी म्हणालो, भरपूर. ती म्हणाली की पुस्तकात शून्य दिलंय. घरी येऊन बघितलं. खरंच शून्य. छपाईची चूक असणार. लिहिणाऱ्याने जन्मात कधी भिंत ढकललेली दिसत नाही.

९ ऑगस्ट
जड वस्तू आधी पडते हे मुलांच्या मनावर ठसवायचं ठरवलं. गच्चीवरून गोळाफेकीचा गोळा आणि क्रिकेटचा बॉल एकदम सोडले. दोन्ही एकदम पडले. वाऱ्यामुळे. पाच वेळा सोडले, पाचही वेळा वारा. शेवटी चष्मेवाली म्हणाली की सर, ते एकदमच पडणार. मी म्हणालो, हेच मला तुमच्या तोंडून हवं होतं. प्रसंगावधान माझ्यात उपजतच आहे. खालच्या दोन कुंड्या गेल्या. माळीकाका बोलत नाहीत.

१३ ऑगस्ट
पहाटेचा अभ्यास रद्द. पडून राहिल्यानेही ऊर्जा साठते, तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात, हे हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली की मग तुमच्याएवढा साठा आख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे नसेल. चला, कुणीतरी कौतुक केलं.

२० ऑगस्ट
गतीचे तिन्ही नियम संपवले. कवायतीच्या पद्धतीने. मी 'एक' म्हटलं की वर्ग उभा राहून पहिला नियम म्हणतो, 'दोन' म्हटलं की दुसरा. अर्थ पुढे आपोआप कळतो.
संध्याकाळी मैदानावर मापं घ्यायला माणसं आली होती. माझ्या लांब उडीच्या खड्ड्यावरून चुन्याची रेघ मारून गेली. भीती वाटली. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? हिला काही सांगितलं नाही.

२७ ऑगस्ट
उद्या मोठ्या बाई तासाला बसणार. आज पुस्तक उघडलंच. झकास प्रयोग सापडला. छताच्या हुकाला दोरीने जड बॉल टांगायचा. तो नाकापर्यंत ओढून आणायचा, अलगद सोडायचा आणि जागचं हलायचं नाही. बॉल पलीकडे जाऊन परत येतो, पण नाकाला लागत नाही. दिली त्याहून जास्त ऊर्जा तो आणणार कुठून? हे मला कळलं. अगदी मनापासून कळलं. व्यायामाचा तीन किलोचा मेडिसिन बॉल पुसून ठेवला.

२८ ऑगस्ट, दुपारी, दवाखान्यात
मोठ्या बाई मागच्या बाकावर. मी नाकाला बॉल टेकवून उभा. पुस्तकात नुसता सोडा म्हटलंय. नुसता सोडणं मला फारच मिळमिळीत वाटलं. त्यात बाई बघत होत्या. म्हणून सोडताना थोडासा, अगदी थोडासा धक्का दिला. बॉल काय झोकात गेला! चष्मेवाली ओरडली की सर, मागे व्हा. मी हललो नाही. शास्त्रावर विश्वास नको?
नाकाचं हाड मोडलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की कशाने लागलं. मी म्हणालो, ऊर्जेने.

१५ सप्टेंबर
चाचणीचा निकाल. फिजिक्सच्या सरांनी घरी बसून पेपर तपासले. गतीचे नियम सगळ्यांनी घडाघडा लिहिलेत, पण उदाहरणं सोडवताना वर्ग आडवा. मी तीन आठवडे जे जे शिकवलं त्यात सगळे गार. ऊर्जेच्या प्रश्नाला मात्र बेचाळीस मुलांना पैकीच्या पैकी. बाईंनी एक उत्तर वाचून दाखवलं: 'आमच्या सरांनी बॉल नुसता सोडला असता तर तो नाकाशी येऊन थांबला असता. सरांनी धक्का देऊन जादा ऊर्जा दिली. ती बॉलने सरांना परत केली.' बाई वाचताना दोनदा थांबल्या. खोकला असावा.

१६ सप्टेंबर
नोकरी राहिली. शिकवण्याची नाही, प्रयोगशाळेतल्या मदतनीसाची. सामान पुसायचं, मांडायचं आणि दरवर्षी नववीसाठी त्या बॉलसमोर उभं राहायचं. हिला सांगितलं तर हिने डोळे पुसले आणि मग बराच वेळ हसत बसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फिजिक्सच्या सरांची एकच अट आहे, आणि ती बाईंनी लेखी घेतली: मी हात पाठीमागे बांधून उभा राहीन, बॉल वर्गातलं कुणीतरी सोडेल.