भुरी परत आली तेव्हा

विक्रोळी, १९८४

प्रिय प्रेमा,

जेवतेस ना? तिथली डाळ पाणचट असली तरी गिळ. रविवारी तुला छातीच्या दवाखान्यातून घरी सोडतायत, असं तुझ्या बापानं सांगितलं. पुढचं सांगायचं तर त्याच्या, माझ्या दशरथच्या, तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून मी लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंतच. अक्षरं वाकडी पडतील, लावून वाच.

आपली भुरी मांजर गेली. मेली की नाही ठाऊक नाही, पण गेली. हातगाडीखाली तिचा पाय सापडला, तेव्हा शेजारच्या शिवदासनं तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं आठवडाभर ठेवून घेतलं. मला वाटलं, ती आली की काजळी उड्या मारील. एका आईच्या पोरी, माझ्या खाटेखाली जन्मलेल्या, एकाच गोणपाटावर एकमेकींच्या पोटात डोकं खुपसून झोपायच्या. तू नि तुझी थोरली बहीण क्षमा झोपायचात तशाच, पाय कुणाचा नि हात कुणाचा कळायचं नाही.

भुरी लंगडत आली ती सरळ काजळीला अंग घासायला. काजळीनं वास घेतला. फिनेल, औषधं, परक्या मांजरांचा मूत, काय काय लागलेलं होतं भुरीला. काजळीची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगली नि तिनं बहिणीचं नाक फाडलं. मी झाडू फेकला, म्हटलं, सटवे, बहीण ना गो ती तुझी! भुरीही मूर्ख. पुन्हा गेली, पुन्हा मार खाऊन आली. आपलं काय चुकलं, ते बापडीला कळेना. मग जिन्याखाली बसायला लागली, आणि एक दिवस खाडीकडे निघून गेली. आता काजळी त्या गोणपाटावर एकटीच असते. मधेच उठते, हुंगते, परत बसते. मी तिला दूध घालते, पण तिच्याकडे बघत नाही.

मासळीवाली पर्पेच्युआ, जिच्या पाटीमागे चार-पाच मांजरं फिरतातच, ती नंतर मला म्हणाली, आजी, येडी का तू? काजळीचं गोणपाट आधी दवाखान्यात पाठवायचं, भुरीला त्यात लोळवून आणायची. ती रागानं नाय मारत, घाबरते म्हणून मारते. म्हटलं, आता सांगतेस होय मेले?

क्षमानं तुझ्यासाठी नवं ताट नि नवा पेला आणून वरच्या फळीवर वेगळा ठेवलाय. खोलीत पडदा लावायला दोरीही ताणलीय. डॉक्टरनं दोनदा सांगितलं, पोरगी बरी झाली, आता कुणाला लागायचं नाही. क्षमा मान हलवते नि ताट तिथंच राहतं. मी तिला नाही नाही ते बोलले. मग एकदा मोरीत तुझ्या आईचं थुंकायचं जुनं तस्त घासत बसलेली दिसली. स्वच्छ होतं तरी घासत होती. वनमाला याच खोलीत खोकत गेली. तुला तेव्हा आम्ही शेजाऱ्यांकडे झोपवायचो. ते तस्त आईच्या तोंडाशी धरायला क्षमाच होती. तिला तसं घासताना बघितल्यापासून मी तिला ताटावरून बोलत नाही.

दशरथच्या हाती क्षमाचं पिवळं पातळ पाठवते. अंगावरून उतरवलेलं, न धुतलेलं आहे. ती घरभर शोधतेय, शिवदासच्या बायकोवर आळ घेतेय. घेऊ दे. रविवारपर्यंत ते उशाशी घेऊन झोप नि तेच नेसून ये. आल्या आल्या तिच्या गळ्यात पडायला धावू नकोस, भुरी तिथंच चुकली. उंबऱ्याजवळ माझ्यापाशी बस. त्या नव्या ताटात गुमान जेव, तोंड वाकडं करू नकोस. मांजराचं माणसाला लागू पडतं की नाही, देव जाणे. नाही पडलं तर माझं अंथरूण मी बाहेर गॅलरीत काढलंय, त्यात दोघी मावू. पण जिन्याखाली बसायचं नाही, आणि खाडीकडे तर बघायचंसुद्धा नाही.

तुझीच,
आजी